अक्काच्या आवाजाला शेवटचा हात

रवि. ४ जाने.

अक्काचं सातवं गाणं रेकॉर्ड झालं. एकदाचं. चार रविवार गेले यात. आवाज घुमू नये म्हणून गाद्या भिंतीला उभ्या करून करून रेखाची कंबर धरली.

आज अकराला बसलो आणि साडेअकराला नळ आला. गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटारी घुर्र सुरू. इतक्या दिवसांनी पाणी आलेलं, कुणाला काय म्हणणार? आमचीही लावलीच. अक्का रेखाला म्हणाली, "भर बाई आधी पाणी. गाणं कुठं पळून जातंय?"

दीडला परत बसलो. शेवटच्या ओळीला अक्का अडखळली. तिथं नाव येतं, गाणं करणाऱ्याचं. अक्कानं पंचवीस वर्षं गाणी केली आणि शेवटी नाव घेतलं दाजींचं. गाण्याची पार्टी त्यांची, म्हणून नाव त्यांचं. दाजी जाऊन चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा स्वतःचं घ्यायचं ठरवून बसली होती, तर सवयीनं दाजींचंच आलं तोंडात. थांबली. पदरानं तोंड पुसलं. "दिल्या, परत लाव." मग गायली:

सुमन सांगते सयांनो, सावली आपुली आपण

हेडफोन लावून समोर बसलो होतो. काटा आला अंगावर. साठीला आलेली बाई, आणि आज स्वतःचं नाव घेतीय.

जीपमध्ये बसवून दिलं गंगापूरला. बसता बसता म्हणाली, माघी पुनवेला विहारात सगळ्या बायांना ऐकवायचं, तोवर दे करून. म्हणलं देतो, आता फक्त मास्टरिंग राहिलंय. ते काय असतं? म्हणलं, साडी धुऊन वाळली की नेसायच्या आधी इस्त्री फिरवतो ना, ते. "मग जाळू नको म्हणजे झालं."

मंगळ. ६ जाने.

सेकंड शिफ्ट आहे, म्हणून सकाळ मोकळी. चहाबरोबर रेखाशी वाद.

ती: त्या क्रांती चौकातल्या माणसाला द्या की. त्याचा धंदाच तो आहे.
मी: अक्काचा आवाज त्याला काय माहीत?
ती: आणि तुम्हाला ते मास्टरिंग काय माहीत?

कप उचलून मोरीत ठेवला. पण मनात होतंच. आमच्या घरात कान माझा. लहानपणी अक्का पेटीवर बसली की मला बाजूला उभं करायची. "सुरातून उतरले की सांग." पार्टीतले मोठमोठे बाप्ये गप बसायचे, आणि मी सात-आठ वर्षांचा, म्हणायचो, "उतरली." अक्का हसायची आणि परत धरायची. अजून मला विचारल्याशिवाय नवीन चाल पक्की करत नाय.

आणि कंपनीत तरी काय? बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. दिवसभर पत्रा दाबायचा. मशीनचा आवाज जरा बदलला की बोलावणं येतं, दिलीपभाऊ, जरा ऐका बरं. ऐकायचं आणि सांगायचं, डाय सरकली, बोल्ट ढिला झाला. शेंद्र्यात माझ्याएवढा कान कुणाला नाय, हे मॅनेजर स्वतः म्हणतो. तो मी परक्याला कशाला देऊ?

ठरलं. मीच करणार.

गुरु. ८ जाने.

तीन दिवस मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ बघतोय. सगळे फाडफाड बोलतात. एक म्हणतो असं कर, दुसरा म्हणतो असं करणारा गाढव.

पण हात बसतोय. पहिल्या गाण्याला बेस जरा कमी केला, अक्काचा आवाज पुढं आला. खुश झालो. मग वाटलं, उघडत नाय अजून. पांघरूण घेऊन गातीय जणू. वरचा आवाज, ट्रेबल, थोडा चढवला. बरं वाटलं. अजून थोडा. अजून बरं. शब्द आता कुठं सुटे सुटे यायला लागले.

मोटारीचं घुर्र सातव्या गाण्यात राहिलंय शेजारच्यांचं. माझ्या कानातून काय सुटत नाय म्हणा.

शनि. १० जाने.

तनूला ऐकवलं. कॉलेजातून आली, बॅग पण ठेवली नव्हती.

पाच सेकंदांत हेडफोन काढले. "पप्पा, टोचतंय."

म्हणलं, काय टोचतंय?

"स टोचतोय. प्रत्येक स. आत्या गातीय का सापाला बोलावतीय?"

लई चिडलो. म्हणलं, दिवसभर कानात बोंडं घालून फिरता तुम्ही पोरं, कान कुठं राहिलेत तुमचे? ती म्हणाली बरं, आणि आत गेली. रेखा भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाय. म्हणजे ती पण तनूच्या बाजूनं.

परत लावून ऐकलं. कुठं टोचतंय? गोड वाटतंय की. उलट अजून चढवायला जागा आहे.

रवि. ११ जाने.

व्हिडिओवाले म्हणतात गाडीत लावून बघा. समोरच्या जाधवांना म्हणलं, पाच मिनिटं तुमची गाडी द्या. ते पण येऊन बसले. गाणं सुरू झालं. "वा, ताईंचा आवाज!" म्हणाले. आणि बोलता बोलता हात पुढं करून आवाज कमी केला. मी वाढवला. जरा वेळानं त्यांनी परत कमी केला. मुद्दाम नाही, आपोआप. डोळ्यात ऊन आलं की आपण हात आडवा धरतो, तसं.

घरी आलो आणि अक्काला पाठवलं फोनवर. तासाभरानं फोन आला.

"चांगलंय रे. लई कष्ट घेतलेस." मग म्हणाली, "मी एवढी चिरकी झाले का रे आता?"

म्हणलं, नाही अक्का, फोनमुळं वाटतंय तसं.

"व्हय? तू म्हणतोस तर असंल."

तेव्हापासून डोकं सुन्न आहे. अक्का आणि चिरकी? जयंतीत माइक बंद पडला तर विना माइकचं अख्ख्या मैदानाला ऐकू जायची, आणि कुणाच्या कानाला त्रास नाय व्हायचा. ती बाई मला विचारतीय, मी चिरकी झाले का.

मंगळ. १३ जाने.

आता फर्स्ट शिफ्ट. तीन नंबर प्रेसपाशी दोघं-तिघं उभे होते. भाऊ, हवा लीक होतीय कुठंतरी, बारीक शिट्टी येतीय, ऐका बरं.

मान वाकडी करून उभा राहिलो, नेहमीसारखा. प्रेसचं धाड धाड ऐकू येत होतं. पंखा ऐकू येत होता. शिट्टी नाही.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणलं, "व्हय, येतीय. त्या वरच्या पाइपाकडं बघा." अंदाजानं बोट दाखवलं. त्यांनी साबणाचं पाणी लावलं, तर लीक खालच्या जोडाला निघाली. एकजण हसत म्हणाला, भाऊ, आज कान घरी विसरले का?

हसलो मी पण. काय करणार.

बुध. १४ जाने.

नामांतराचा दिवस, रजा टाकली. विद्यापीठाच्या गेटला गेलो तिघं, दरवर्षी जातो. लई गर्दी. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, दोन्ही बाजूंनी पार्ट्यांचे स्टेज. याच रस्त्यावर अक्का आणि दाजी दुपारपासून गायचे आणि मी वायरी गुंडाळायचो.

एका स्टेजपुढं उभा राहिलो. नवी पोरगी गात होती. ढोलकी आली, पेटी आली, तिचा आवाज पण आला. पण कडा नाहीत कशाला. रेखाला विचारलं, "झांजा वाजवतायत का बंद आहेत?" समोर दिसत होतं माणूस झांजा वाजवतोय, तरी विचारलं.

रेखानं आधी झांजेवाल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वाजवतायत की." दंडाला धरलं आणि तनूला म्हणाली, चल, पप्पांना भूक लागली.

भूक नव्हती. पण गेलो.

शुक्र. १६ जाने.

गेलो शेवटी त्या माणसाकडं. रऊफभाई. क्रांती चौकातून आत, दुकानाच्या वर खोली. आधी कॅसेटी भरून द्यायचा, आता मास्टरिंग करतो. दाढी पांढरी, पायात मोजे, खोलीत चपला काढून जायचं. तनूला बरोबर नेलं होतं, कॉम्प्युटरची भाषा कळते म्हणून. ठरवून गेलो होतो की काम द्यायचं नाही, फक्त माझं काम दाखवायचं, आणि तो म्हणंल वा.

पेन ड्राइव्ह लावला. पहिली ओळ झाली आणि त्यानं बंद केलं. मान खाली घातली.

"दिलीपभाई, बुरा नक्को मानना. काम क्या करते तुम?"

म्हणलं प्रेस शॉप.

"कितने साल?"

बावीस.

मग त्यानं दुसरंच काहीतरी लावलं. नुसता एक आवाज, टूंऽऽ असा. "आरा?" येतोय का, म्हणजे. म्हणलं हौ. त्याच्या वरचा. "आरा?" हौ. अजून वरचा, तो जरा बारीक आला. मग तो माझ्याकडं बघत बसला, बटणावर बोट ठेवून. मला वाटलं अजून दाबलंच नाही. म्हणलं, लावा की.

त्यानं हनुवटीनं तनूकडं खूण केली. मी तनूकडं बघितलं. तिनं दोन्ही कानांत बोटं घातली होती.

माझं पोरगं कानात बोटं घालून, डोळे मिटून बसलेलं, आणि माझ्या कानात शांतता.

रऊफभाईनं आवाज बंद केला. "गाना खराब नै है भाई. गाना तो एक नंबर है. तुमकू जो कम लगा वो तुम डाले. कम तुमकू लगरा था. गाने में कम नै था."

चहा मागवला त्यानं. प्यालो. गाडीवर मागं बसून येताना तनू माझ्या पाठीला डोकं टेकून बसली, लहान असताना बसायची तशी.

शनि. १७ जाने.

काही नाही.

सोम. १९ जाने.

कानाचे डॉक्टर. हाफ डे टाकला. बंद पेटीसारख्या खोलीत बसवतात, हेडफोन देतात, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. मी दाबत गेलो. मग बराच वेळ दाबायलाच आलं नाही. काचेतून त्या बाई दिसत होत्या, त्या काहीतरी फिरवत होत्या आणि लिहीत होत्या.

कागदावर रेघ काढून दिली. डावीकडून बरी येते सरळ, आणि मग एकदम खाली उतरते, विहिरीत पाय टाकल्यासारखी.

डॉक्टर: वरचे आवाज गेलेत. दोन्ही कानांचे. स, श, शिट्ट्या, चिमण्या.
मी: पण बोललेलं तर सगळं कळतं मला.
डॉक्टर: तुमचं डोकं भरून काढतं. शब्द ओळखीचा असला की ऐकू आल्यासारखाच वाटतो.
मी: परत येईल का?
डॉक्टर: गेलेलं येत नाही. मशीन लावू शकतो, बोलण्याला मदत होईल. गाण्याचं मी सांगू शकत नाही.

मग विचारलं, कंपनी बोळे देत नाही का कानात घालायला?

देते. दर महिन्याला देते, सही करून घेते. पिवळे, दोरीवाले. माझ्या लॉकरमध्ये चांगली पिशवीभर आहेत. बाकीच्यांना मी ओरडतो घाला म्हणून. मी नाय घालायचो. बोळे घातले तर मशीनचं दुखणं कसं ऐकू येणार? कान चांगला होता म्हणून तर उघडा ठेवला. बावीस वर्षं रोज आठ तास. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

हे डॉक्टरला सांगितलं नाही. म्हणलं, देतात, घालतो कधीकधी.

रेखाला कागद दाखवला. तिनं उलटा धरला, मग सरळ धरला. मग घडी घालून डब्यात ठेवला, लाइट बिलांच्या. "ताईंना सांगा," म्हणाली. म्हणलं, बघू.

बुध. २१ जाने.

रऊफभाईला सगळं देऊन आलो. माझं केलेलं नाही, मूळ रेकॉर्डिंग. निदान ते तरी जपून ठेवलं होतं.

वाटलं होतं, दिलं की सुटलो. कसलं काय! वही घेऊन बसला. आवाज कैसा होना? गरम, के साफ? साँस रखना के निकालना? मोटार का घुर्र निकालूं? घुर्र काढा म्हणलं, ते एक मला ऐकू येतं. बाकीचं काय सांगू?

म्हणलं, रऊफभाई, तुम्हाला बरं वाटेल ते करा.

"ऐसा नै चलता भाई. बहन तुम्हारी है. उनकी आवाज घर में कैसी थी, वो मेरेकू क्या मालूम?"

हेच मी सहा तारखेला रेखाला म्हणलं होतं, तोऱ्यात.

घरी येऊन डोळे मिटून बसलो, अक्काचा आवाज आठवायला. खरा, जुना. आठवतो. पण तो कुठल्या वर्षीचा आठवतोय? वरचे आवाज माझ्या कानातून कधी गेले ते मला माहीत नाही. एका दिवसात तर नाही गेले. हळूहळू कमी झालं असणार, आणि मी म्हणत गेलो असणार, आहे की सगळं.

रवि. २५ जाने.

रऊफभाईची सात गाणी आली.

हेडफोन लावले. मला तर परत तेच, पांघरूण घेतलेली अक्का. हात ट्रेबलकडं जात होता, मांडीखाली दाबून धरला.

रेखाला ऐकवलं. "छान आहे." रेखाला सगळंच छान असतं, मी केलेली खारट भाजी पण छान असते.

तनूनं सगळी ऐकली, लक्ष देऊन, वहीत लिहीत. सातवं संपल्यावर म्हणाली, "मस्त झालंय पप्पा. स कुठंच टोचत नाही. फक्त आत्याच्या बांगड्या गेल्या यात."

"कुठल्या बांगड्या?"

"अहो, ती गाताना वाजवते ना. ठेका धरते मनगटानं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये सगळीकडं आहे. छन, छन. ती तर मजा आहे तिच्या गाण्याची."

मला माहीत आहे ती वाजवते. लहानपणी त्याच आवाजावर झोपायचो. पण दाजी गेल्यापासून ऐकल्या नव्हत्या. मला वाटायचं तिनं वाजवायच्या सोडल्या. बांगड्या काढल्या नाहीत, हे दिसत होतं हिरव्यागार हातात. बायकांनी काढा म्हणल्यावर भांडली होती ती, आपल्यात ते नसतं म्हणाली. पण वाजवायच्या सोडल्या, दुःखानं सोडल्या, असं धरून चाललो होतो. एकदा पण विचारलं नाही तिला. उगाच जुनं कशाला काढा.

चार रविवार माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून ती बांगड्या वाजवत होती. मनगट हलताना बघत होतो मी.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. बादली भरेपर्यंत. पाणी वाया घालवायची सोय नाही आमच्याकडं.

मंगळ. २७ जाने.

रऊफभाईला म्हणलं, बांगड्या परत आणा.

तो म्हणाला, आणतो, पण बांगड्या आणि स एकाच जागी राहतात. बांगड्या उघडल्या की स पण थोडा उघडतो. कडक होतो. स दाबला की बांगड्या दबतात. मधला काटा किती ठेवायचा ते तुम्ही सांगा.

म्हणलं, मी कसा सांगू रऊफभाई?

त्यानं वहीत दोन खाने आखले. मग म्हणाला, "मैं दो बनाता. एक में बांगड्या कम, आवाज नरम. दूसरे में बांगड्या पूरी, स थोडा तेज. तुम घर में सुनो, सबकू सुनाओ, और एक बोलो. मैं नै बोलूंगा. मैं बोला तो वो मेरी बहन का गाना हो जाता."

माणूस भला आहे. भला नसता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

कंपनीत आज बोळे घातले. तीन नंबरवाला म्हणाला, भाऊ, आता कशाला?

गुरु. २९ जाने.

दोन्ही आले. एक आणि दोन.

मी एक ऐकलं. मग दोन. मग परत एक. मला दोन्ही सारखेच आहेत. अगदी सारखे. तनूला म्हणलं, मला न सांगता लाव, बघू ओळखतो का. दहा वेळा लावलं तिनं. चार वेळा बरोबर आलो. म्हणाली, चार म्हणजे वाईट नाही पप्पा. नुसत्या अंदाजानं सुद्धा पाच आले असते, हे तिला पण कळतं.

रेखा: एक. नरम आहे, विहारात म्हाताऱ्या बाया असतात.
तनू: दोन. बांगड्यांशिवाय ती आत्या नाहीच.

दोघी मग माझ्याकडं बघायला लागल्या. इतक्या वर्षांची सवय. शेवटचं मी सांगायचं.

अक्काला पाठवले दोन्ही. फोनवर म्हणाली, "मला मेलीला काय कळतंय? ह्या डबड्यात दोन्ही एकच वाजतंय. तू म्हणशील ते."

म्हणलं, तरी तुला काय वाटतं?

"दिल्या, मी आयुष्यात कधी सांगितलं का मला काय वाटतं? गाणं मी म्हणते, कसं आलं ते तू सांगतोस. तुझ्या कानावर तर चाललंय माझं."

रेखा समोरून खूण करत होती, सांगा, सांगा. तोंड उघडलं. "अक्का, ऐक ना." "काय रे?" "काही नाही, जेवलीस का?"

जेवली होती. मेथीची भाजी.

शनि. ३१ जाने.

उद्या पुनव. सकाळच्या जीपनं निघायचं. विहारातल्या पोरांनी स्पीकर सांगून ठेवलाय, अक्कानं घरोघरी जाऊन बोलावणं दिलंय. सत्तर बाया तरी येतील म्हणते. तिनं नवी साडी घेतलीय, हे तिनं नाही, शेजारणीनं सांगितलं फोन ओढून घेऊन.

रऊफभाईचा मेसेज सकाळी आला. "१ या २? जो बोलोगे वो फाइनल करके पाँच बजे तक भेजता." आता सव्वाचार.

दुपारी अक्काचा फोन आला होता. आवाज वेगळाच, हळू. घरात एकटीच असणार.

"दिल्या, एक विचारू? बाकी गाणी कशी बी होऊ दे. ती शेवटची ओळ. माझं नाव नीट येतंय का रे? लोकांना कळंल ना, सुमन म्हणून? पंचवीस वर्षं बायांनी दुसरंच नाव ऐकलंय तिथं. एकदा कान लावून ऐक आणि मला सांग. तू ऐकलंस म्हणजे मला धीर येतो."

म्हणलं, थांब, फोन ठेवू नको.

हेडफोन लावले. ओळ लावली. डोळे मिटले.

सुमन सांगते सयांनो.

आलं. लख्ख आलं. परत लावलं, परत आलं. प्रत्येक स जागच्या जागी. पण ते गाण्यातून येतंय, का तिचं नाव मला जन्मापासून पाठ आहे म्हणून येतंय, हे कळायला मला काही मार्ग नाही. तिच्या जागी नुसतं 'उमन' असतं तरी मला सुमनच ऐकू आलं असतं. तनू कॉलेजला, रेखा बाजारात. घरात मी एकटा आणि फोनवर अक्का, श्वास धरून बसलेली. तो श्वास ऐकू येत नव्हता, पण ओळखतो मी तिला.

म्हणलं, "येतंय अक्का. सुमन येतंय."

"नीट?"

"एकदम नीट."

"मग झालं," म्हणाली. "आता मला कशाचं भ्या नाय."

साडेचार झाले. फोन समोर ठेवलाय. एक लिहिलं, खोडलं. दोन लिहिलं, तेही खोडलं.